निंबारीचे दोन डोमाजी

अकोटच्या माळीपुऱ्यात मुलगी पाहायला पाहुणे आले की तिला चालून दाखवायला लावत, स्वयंपाकाचं विचारत, फार तर सुईत दोरा ओवायला देत. जयवंता खेरडेला पाहायला आलेल्या बायका मात्र तिच्या कानाच्या पाळ्या दाबून बघत. बांगडीच्या मापाचं निमित्त करून एकेक बोट चाचपत. एकीनं तर कोपराजवळ हळूच चिमटा काढला. जयवंतानं हात झटकन मागे घेतला, तेव्हा ती बाई सोबतिणीकडे बघून हसली. जयवंताला वाटलं, सासरची माणसं अशीच थट्टा करत असतील.

पाहुणे पोहे खायचे, चहा प्यायचे, मुलगी पसंत आहे असंही म्हणायचे. नंतर निरोप येत नसे. असं तीनदा झालं. तिचं वय तोवर एकोणीस झालं होतं आणि तिच्याबरोबर शाळेत जाणाऱ्या मुली लेकरं काखेत घेऊन माहेरी येत होत्या. जयवंता उंच, सावळी, कामाला चपळ. मराठी सातवीपर्यंत शिकलेली. तिला भाऊ नाही, बहीण नाही. वडील शेषराव घरामागच्या मळ्यात वांगी, मेथी आणि झेंडू लावत. आई केशरबाई तोच माल बाजारात घेऊन बसे. खोट काढावी असं घरात काही दिसत नव्हतं.

१९५७ च्या उन्हाळ्यात दर्यापूरकडचं स्थळ आलं. उठता उठता मुलाचा मामा ओट्यावर वहाणा घालत शेषरावांना म्हणाला, "पोरगी चांगली हाय. पन तुमच्या डोमाजीचं आमाले मालूम नोतं."

दाराआड उभ्या असलेल्या जयवंताला ते ऐकू आलं.

"तो डोमाजी आमचा नाई," शेषराव म्हणाले. "निंबारीत दोन डोमाजी होते."

"असतीन. ज्याच्या घरात असा मानूस निंगते, त्याच्या गावात मंग दोन असतेतच." मामानं रामराम केला आणि तो गेला.

पाहुणे दिसेनासे झाल्यावर जयवंता बाहेर आली. "बा, डोमाजी कोन?"

शेषराव बराच वेळ ओट्यावर बोटानं रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "माहा आजा. निंबारीचा."

"त्यानं काय केलं?"

"त्यानं काई नाई केलं. दुसरा डोमाजी होता, त्याले रगतपिती झाली. गावानं त्याले नाल्याच्या पल्याड काढलं. लोकायनं दोन्ही डोमाजी एक करून टाकले. माहा बाप मरेलोक सांगत होता, आपला डोमाजी चांगला होता, मरेलोक त्यानं वावर वाह्यलं. कोनी आयकत नाई."

रगतपिती म्हणजे महारोग: डाग पडतात, भुवया गळतात, पाळ्या जाडावतात, अंग बधिर होतं. पाळ्या दाबणाऱ्या, बोटं चाचपणाऱ्या, चिमटा काढणाऱ्या त्या साऱ्या बायका जयवंताला एकदम समजल्या.

त्या दिवसापासून तिला स्वतःच्या अंगाची धास्ती बसली. मळ्यात पाणी धरताना ती बाभळीचा काटा घेऊन तळहाताला, कोपराला, पायाच्या बोटांना टोचून बघे. दुखलं की बरं वाटे. पण दुपारपर्यंत पुन्हा शंका येई. डाव्या खांद्यावर एक पांढुरका डाग होता, लहानपणापासूनचा. तो ती पदराखाली झाकू लागली. झाकला की तो मोठा होतोय असं वाटे. आरशात भुवया बघे. केशरबाईनं एकदा काटा हातातून हिसकावून फेकला. "काय करून राहिली जयवंते? येडी होशीन!"

"मले निंबारीले जाऊ दे," जयवंता म्हणाली.

"काऊन?"

"आपला डोमाजी कोनता ते इचाराले."

निंबारी अकोटपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शेषराव आधी नको म्हणाले. जुन्या गोष्टी उकरल्या की नव्या होऊन बसतात असं त्यांचं मत. पण मुलीच्या हातावरचे काट्याचे ठिपके त्यांनी पाहिले होते. शेवटी ते स्वतःच तिला घेऊन निघाले.

निंबारीत खेरड्यांचं कोणीच उरलं नव्हतं. त्यांच्या पडक्या घराच्या जागी आता कुणाचा तरी गोठा होता. मारुतीच्या पारावर जानराव नावाचे नव्वदीला टेकलेले म्हातारे बसत. गावातलं इतकं मागचं सांगणारं दुसरं माणूस नव्हतं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण डोमाजीचं नाव काढताच ते लगेच म्हणाले, "कोनता? लाल्या का बैल्या?"

शेषरावांनी मुलीकडे पाहिलं. आपल्या बाजूनं बोलणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

जानरावांनी सांगितलं ते असं. दोघं सख्खे चुलतभाऊ. आज्याचं नाव डोमाजी, म्हणून दोन्ही घरांनी पहिल्या मुलाला तेच नाव ठेवलं. एक गोरापान, तो लाल्या डोमाजी. दुसऱ्याला बैलांचा नाद, तो बैल्या डोमाजी. महारोग लाल्याला झाला. गावानं त्याला नाल्यापलीकडे झोपडी घालून दिली. त्याची भाकर एका दगडावर ठेवायची, माणूस मागे फिरला की त्यानं येऊन ती उचलायची. त्याची बायको काही दिवस रडली आणि एक दिवस कडेचं तान्हं पोर बैल्या डोमाजीच्या बायकोच्या ओटीत टाकून नवऱ्यामागे झोपडीत राहायला गेली. दोघंही तिथेच मेले.

"अन् ते पोरगं?" जयवंतानं विचारलं.

"बैल्यानं वाढवलं. त्याचंई एक पोरगं तेवढंच होतं. बारसं दोघायचं संगच केलं, एक सहदेव, एक देवमन. एका ताटात जेवले, एका गोधडीत झोपले."

सहदेव म्हणजे शेषरावांचे वडील. देवमन म्हणजे त्यांचे काका. संवत छप्पनच्या, म्हणजे १९०० च्या आसपासच्या दुष्काळात देवमन निंबारी सोडून तिकडे तिवशाला गेले, ते तिकडलेच झाले. शेषराव आजवर दोघांना सख्खे भाऊ समजत होते. आता त्यांचा चेहरा उतरला.

"जानरावबुवा," त्यांनी हळूच विचारलं, "त्यातला बैल्याचा कोनता?"

"ते कोनाले मालूम? लोक इचारत, डोमाजी, यातला तुहा कोनता? तो म्हने, दोनी माहेच." म्हातारे थोडं हसले. "देवमन गाव सोडून गेला, सहदेव इथंच राह्यला. जो राह्यला त्याच्या अंगाले चिकटलं. तिवशाले बैल्याची पोरगी असन अजून, सुंदरा. ते मोठी होती. तिनं डोळ्यानं पाह्यलं."

परतताना शेषराव गाडीत मागे तोंड करून बसले. निघाले तेव्हा त्यांना निदान आपल्या बापाचा शब्द होता. आता तोही डळमळला. मागे पडणाऱ्या त्या गोठ्याकडे बघत ते पुटपुटले, "कायले आलो?"

तिवशाला ते गेलेच नाहीत. जयवंता आईबरोबर गेली. अकोटहून मोटारीनं अमरावती, तिथून नागपूरच्या मोटारीनं तिवसा. देवमन मरून बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा केशवराव तिथे भाजीपाला पिकवत होता आणि विधवा, निपुत्रिक सुंदराबाई त्याच्याच घरी होत्या. दारात मांडवाचे बांबू पडलेले, आत शेवया वाळत घातलेल्या. केशवरावांच्या शालूचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. नांदगाव पेठेजवळच्या एका गावातलं घर, जमीनजुमला असलेलं.

शालूनं दारातच जयवंताचे दोन्ही हात धरले. "आमची अकोटची बहीन आली!" इतक्या दिवसांत बाहेरच्या कोणी जयवंताचा हात सहज असा धरला नव्हता. शालूनं तिला स्वयंपाकघरात नेलं, आपल्या नव्या बांगड्या दाखवल्या, सासरच्यांच्या नकला केल्या. या घरात डोमाजीचं कोणाला काही माहीत नव्हतं, हे तासाभरात दिसून आलं.

संध्याकाळी सुंदराबाई मागच्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. शालू विहिरीवर गेली होती, केशवराव बाहेर होते. केशरबाईनं दबक्या आवाजात सगळं सांगितलं: पाहुणे, चिमटे, काटा, जानराव.

सुंदराबाईंनी जयवंताला जवळ बोलावून तिचा तळहात उन्हाच्या तिरिपीत धरला आणि काट्याच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"सहदेव माह्या पाठचा," त्या म्हणाल्या. "माह्या मायच्या पोटचा. मी दारात बसली होती त्याच्या जन्माच्या वक्ती. देवमनले तर त्याची माय घेऊन आली. मले म्हने, सुंदरे, याले उपाशी नको ठेवू." हात न सोडता त्या पुढे म्हणाल्या, "बा नं आमाले शपथ घातली होती. कोनालेच सांगायचं नाई. त्याले वाटलं, कोनता कोनाचा हेच कोनाले नाई समजलं, तर दोघायलेई कोनी काई म्हननार नाई."

केशरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, तुमी अकोटले चला. चारचौघात एवढं सांगा. माह्या लेकीचा जन्म सुधरते."

"येतो ना. उद्याच येतो." म्हातारीनं विहिरीकडे पाहिलं. "पन मी तिथं तोंड उघडलं का हे पोरगी घरात बसली म्हून समज. देवमन म्हातारा बुडा होऊन मेला. त्याच्या अंगावर फोड नाई उठला कधी, त्याच्या लेकरायच्याई नाई. तरी बसन. तू सांग जयवंते. मी तुहीबी आजीच हाओ, तिचीबी."

विहिरीवरून शालूची हाक आली, "जयवंते, घागर धरू लाग व!"

जयवंता उठली. जाताना म्हणाली, "लगन होऊ द्या आजी. मंग पाहू."

हे "मंग" तिच्या गळ्याचा फास झालं. शालूचं लग्न झालं. पण लग्न झालेल्या मुलीला परत पाठवायला काय लागतं? मग शालूला दिवस गेले. मग मुलगी झाली. दर वेळी केशरबाई म्हणे, "आता?" आणि दर वेळी जयवंता म्हणे, "जरा थांब." शेषरावांना तिनं सगळं सांगितलं होतं. आपला बाप खरा होता हे ऐकून ते लहान मुलासारखे रडले आणि मग ते गिळून बसले. घर मोठं विचित्र झालं. तिघांच्या हातात किल्ली होती आणि तिघंही दार लावून बसले होते. काट्यानं टोचून बघणं जयवंतानं सोडलं, पण बाजारातल्या बायका सुटे पैसे तिच्या तळहातावर न ठेवता टोपलीत टाकत, ते तसंच चालू राहिलं.

१९५९ च्या थंडीत सुंदराबाई गेल्या. तिवशाहून कार्ड आलं त्या दिवशी केशरबाईचा धीर सुटला. लग्न जुळवणारा एक नातलग घरी आला होता, त्याच्यासमोर ती सगळं बोलून गेली. दोन डोमाजी, दोन पोरं, देवमन कोणाचा, सहदेव कोणाचा.

त्यानं शांतपणे सुपारी कातरली. "वहिनी, बुडी जित्ती असती तर गोष्ट येगळी. आता तुमी म्हनसान तेच खरं म्हनाव लागन." जयवंताला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पण तो माणूस लग्नं जुळवत गावोगाव फिरत असे. उन्हाळ्यापर्यंत गोष्ट नांदगाव पेठेकडे पोचली आणि शालूला सासऱ्यानं कडेवरच्या मुलीसकट तिवशाला आणून सोडलं.

केशवराव अकोटला आले. घरात पाऊल न टाकता अंगणातच उभे राहिले. "शेषराव, माह्या पोरीचं वाटोळं करून तुमाले काय भेटलं? माहा बाप मी चितेवर ठेवला. त्याच्या अंगावर डाग नोता."

केशरबाई आत भिंतीकडे तोंड करून बसली. जयवंता पुढे आली.

"काका, मी येतो शालूच्या सासरी. मी सांगतो."

"काय सांगशीन?"

"तुमाले पायजे ते."

आईनं तिला आत ओढलं. "मी मेली तरी जाऊ देनार नाई! खरं ते खरं हाय!"

"खरं सांगून माहं लगन होनार हाय का?" जयवंता म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती, शालूविषयीसुद्धा नव्हती. नुसता संताप होता, कोणावर ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "माहं जे व्हायचं ते झालं. दोन घरं कायले बुडवायचे?"

ती वडिलांबरोबर गेली. शालूच्या सासऱ्याच्या ओट्यावर चार जाणती माणसं बसली होती, आत दाराशी बायका. शेषराव खाली मान घालून खांबाला टेकले. जो माणूस आयुष्यभर भेटेल त्याला "तो डोमाजी आमचा नाई" असं सांगत आला होता, त्याला आज गप्प बसायचं होतं.

जयवंता उभ्यानंच बोलली. "ज्याले रगतपिती झाली तो लाल्या डोमाजी. सहदेव त्याचं पोरगं. मी सहदेवाची नात. शालूचा आजा चांगल्या डोमाजीचा. माह्या मायनं माह्या लग्नासाठी उलटं सांगतलं."

"तुह्या बापाले कबूल हाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

सगळ्यांनी शेषरावांकडे पाहिलं. त्यांनी डोकं हलवलं. हो की नाही ते नीट कळण्यासारखं नव्हतं, पण लोकांना तेवढं पुरलं. मुलगी स्वतःच्या तोंडानं असलं खोटं कशाला सांगेल, असं एक जण म्हणाला आणि ते साऱ्यांना पटलं. त्याच आठवड्यात शालू सासरी आली.

त्या ओट्यावर बापलेकीला पाणी मिळालं ते पळसाच्या द्रोणात.

त्यानंतर जयवंताला पाहायला कोणी आलं नाही. दोन बायका वारलेल्या एका पन्नाशीच्या माणसाचं विचारणं आलं होतं. "असं घर तरी कोन करते" असा निरोप त्यानं वर पाठवला होता. तिनं नाही म्हटलं. मळ्याचं काम तिनं अंगावर घेतलं. पुढे सरकारी दवाखान्याचे लोक माळीपुऱ्यात आले, सगळ्यांची अंगं तपासली आणि समजावून सांगितलं की हा रोग रक्तातून उतरत नाही, आज्याचा नातवाला लागत नाही आणि आता गोळ्यांनी बरा होतो. लोकांनी ऐकलं. एका बाईनं विचारलं, "मंग डोमाजीच्या घरी नाई द्याव, असं काऊन म्हनत होते?" दवाखान्याच्या माणसाला डोमाजी कोण ते माहीत नव्हतं. तो पुढच्या घरी गेला. जयवंताच्या खांद्यावरचा डाग त्यानं पाहिला आणि जन्मखूण आहे म्हणून सोडून दिला. हे तिला तिच्या एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर? पण आता ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि अकोटात प्रत्येकाला तिच्याच तोंडचं वाक्य पाठ होतं.

१९६६ मध्ये शेषराव वारले. भाऊबंदांनी भेटायला यावं लागतं म्हणून शालू सासूला घेऊन आली. तोवर तिला तीन मुली होत्या. दोघी दाराजवळच टेकल्या. जयवंतानं पाण्याचा तांब्या पुढे केला. सासूनं हात जोडले. शालू म्हणाली, "मले उपास हाय."

"पान्याचा?" केशरबाई उसळली. "अवं, जिच्यापाई तू—"

"माय," जयवंता म्हणाली. केशरबाई थांबली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. नवऱ्यासाठी रडते आहे असं पाहुणींना वाटलं.

निघायच्या आधी सासू शेजारी एका ओळखीच्या बाईशी बोलत उभी राहिली. तांब्यातलं पाणी झाडांना ओतायला जयवंता मळ्याकडे निघाली आणि शालू मळा बघायचं म्हणून तिच्यामागोमाग आली. वांग्यांच्या वाफ्यांपाशी पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं आणि भरभर बोलायला सुरुवात केली.

"मले मालूम हाय. आजीनं मरायच्या आधी मले सांगतलं. देवमन कोनाचा ते."

जयवंताला हे अपेक्षित नव्हतं. त्या ओट्यावर ती बोलली तेव्हा शालू तिकडे तिवशाला होती, तिला काही ठाऊक नसेल, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. निदान तिच्या किळसेला तरी दोष द्यायचा नाही, असं तिनं मनाला समजावलं होतं.

"मंग एक डाव तरी येऊन भेटली असती. बोलली असती."

"काय बोलू? माह्या तीन पोरी हायेत जयवंते. मी कोनालेच नाई सांगू शकत. नवऱ्याले नाई, बा ले नाई. झोपीत बोलून टाकीन म्हून भेव वाटते." शालूचे ओठ कोरडे पडले होते. "मी रोज पाहतो पोरीयचे हात. मीच दाबतो त्यायच्या पाळ्या."

जयवंताच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. सहा वर्षं साठलेलं होतं. पण समोरची बाई उन्हात उभी राहून स्वतःचीच बोटं चोळत होती, आणि ते चोळणं जयवंताच्या ओळखीचं होतं.

"देवमनले काई नाई झालं," ती म्हणाली. "तुह्या बापाले नाई, तुले नाई. दवाखान्याचा मानूस सांगून गेला, असं होतच नाई. पोरीयले हात नको लावू."

"खरंच म्हनला तो?"

"माह्यासमोर म्हनला."

शालूनं मान हलवली. पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाणी साचलं होतं. तिनं वाकून ओंजळ भरली, प्याली, पुन्हा भरली आणि पुन्हा प्याली. जयवंतानं हातातला तांब्या विहिरीच्या बादलीत बुडवून तिच्यापुढे धरला, तेव्हा तिनं तोही घेतला आणि तोंड लावून रिकामा केला. मग पदरानं ओठ पुसले, ओले हात लुगड्याला कोरडे केले आणि सासूनं पाहिलं तर नाही ना, म्हणून घराकडे वळून बघितलं.